आईला बसवायला घेतलेली खोली

नाताळच्या सुट्टीत डहाणूला राहायला जाणार म्हटल्यावर कासा गावातल्या माझ्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं, डहाणूला काय कोणी सुट्टीला जातं? डहाणूला कोर्टाच्या कामाला जातात!" हसू देत. मी बायकांचे कपडे शिवते. गोवा आणि महाबळेश्वर माझ्या मशिनीला झेपत नाहीत. आणि मला गोवा बघायचाच नव्हता. मला माझ्या आईला बसलेलं बघायचं होतं.

आई तलासरीकडे, डोंगरातल्या आमच्या गावात राहते. भात झालं की नागली, नागली झाली की तूर, मध्ये कोंबड्या, लाकडं, पाणी. मी जन्मात तिला निवांत बसलेली पाहिलेली नाही. जेवतेसुद्धा उकिडवी, म्हणजे उठायला बरं. गुडघे सुजले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आराम करा. तर ही म्हणते, "करते की, लावणी होऊ दे." तेव्हाच मी ठरवलं, हिला समुद्रासमोर नेऊन बसवायचं. दुसरं काही नको, नुसतं बसवायचं.

मग जागा शोधायला घेतली. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला फोन लावला. पलीकडची मुलगी इतकं गोड बोलली की भाडं ऐकेपर्यंत मी मनातल्या मनात तिथे कपडे वाळत घातले होते. भाडं ऐकलं आणि राँग नंबर म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी म्हणे स्विमिंग पूल आहे, त्याचे वेगळे. समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना पूल कशाला हो, असं विचारलं तर तो माणूसच चिडला. नवऱ्याने सुचवलं, "अच्छाडला हायवेवर एक लॉज आहे, स्वस्त." मी म्हटलं, "छान! आईला खुर्ची टाकून ट्रकांची रांग दाखवू." त्यानंतर त्यांनी त्या विषयात तोंड घातलं नाही.

शेवटी जागा चालत माझ्या दुकानात आली. एक बाई ब्लाऊज सैल करून घ्यायला आली होती. तिचं माहेर कासाचं, सासर डहाणूजवळच्या वरोरचं. बोलता बोलता म्हणाली, घरामागे चिकूच्या वाडीत दोन खोल्या आहेत, सुट्टीत पाहुण्यांना भाड्याने देतो, जेवण आमच्याच चुलीवरचं, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. भाडं सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं, कारण ते आम्हाला परवडत होतं! तिचा ब्लाऊज मी तिथल्या तिथे फुकटात उसवून दिला.

आता राहिली आई. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी झोपायचे पैसे द्यायची पद्धत नाही. तिला कळलं असतं तर म्हणाली असती, "आपल्या घराला काय छप्पर नाय?" म्हणून मी सांगितलं, माझी मैत्रीण आहे, तिने सगळ्यांना आग्रहाने बोलावलंय. नवरा म्हणाला, "हे तुझ्याच अंगाशी येणार." मी म्हटलं, बघू.

बघायला फार वेळ लागलाच नाही. आई एका हातात नागलीच्या पिठाची पिशवी आणि दुसऱ्या हातात जिवंत कोंबडी घेऊन कासाला जीपमधून उतरली. मोकळ्या हाताने कोणाच्या घरी जायचं नसतं ना! आणि आमच्याकडे गेलेल्या घरी पाहुण्याने बसून राहायचंही नसतं. जो बसतो तो रुसलाय, असं धरतात. त्यामुळे वरोरला पोचल्यावर आई पाणी प्यायली, तिने पदर खोचला आणि विचारलं, "झाडू कुठंय?"

घरमालकीण गडबडली. "अहो मावशी, राहू द्या." आईला वाटलं, चांगल्या वळणाची पोर आहे, म्हणतेय तसं. आधी तिने अंगण झाडलं. मग घरमालकिणीच्या सासूबाई पडवीत चिकू निवडत होत्या, तिथे जाऊन बसली ती उकिडवीच, आणि पाट्याच्या पाट्या निवडून दिल्या. मग बोंबील साफ केले. माझा नवरा आणि पोरं समुद्रावर, मी आईच्या मागे, आणि आई चुलीपाशी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! घरमालकीण माझ्याकडे बघायची, मी डोळ्यांनीच तिला गप्प राहा म्हणायचे. त्या दिवशी आईने समुद्राचं तोंडही पाहिलं नाही.

सकाळी जाग आली ती झाडूच्या खरखरीने. बाहेर येऊन बघते तर बाई अख्खी वाडी झाडत सुटलेली, एक हात गुडघ्यावर. माझं डोकंच फिरलं.

"आई, ठेव तो झाडू! झाडायला पैसे भरलेत का मी इथे?"

झालं! बोलून बसले. घरमालकीण चहाची किटली घेऊन दारातच थबकली. नवरा चिकूच्या झाडात काहीतरी शोधू लागला. आईने विचारलं, "कसले पैसे?" मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही पिशवी उचलणार आणि तडक तलासरीला जाणार.

आईने झाडूकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे आपण पाव्हणे नाय?"

"नाही."

"राहायचे पैसे दिले?"

"दिले."

"खायचेपण?"

"खायचेपण."

"मग काल त्या चिकूच्या पाट्या मी कशाला निवडल्या? बाय, आधी सांगायला तुझं तोंड काय शिवलं होतं?"

तिने झाडू झाडाला टेकवला. प्लास्टिकची खुर्ची उचलली, सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसतो तिथे नेऊन ठेवली आणि बसली. चांगली पाठ टेकून, पाय लांब सोडून. आणि मागे न बघता म्हणाली, "चहा आणा म्हणावं. साखर जास्त."

घरमालकीण इतकी हसली की किटलीतला चहा सांडला. मीही हसले आणि हसता हसता डोळे पुसत राहिले. किती वर्षं वाट बघितली होती मी त्या पाठ टेकण्याची!

दिवसभर आई हलली नाही. दुपारी भरल्या ताटावर बसून म्हणाली, कालवणात मीठ कमी आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. कोंबडी तर तिने परत मागून घेतली. पैसे दिल्यावर कोंबडी कशाची? सासूबाई सवयीने चिकूची पाटी घेऊन शेजारी आल्या, तर त्यांना म्हणाली, "आज नाय हां, आज मी भाड्याची आहे." सासूबाईंनीही पाटी बाजूला सारली आणि दुसरी खुर्ची ओढली. संध्याकाळी दोघी एकमेकींचा हात धरून पाण्यात उभ्या राहिल्या, लाट आली की ओरडत होत्या.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा झाडूची खरखर ऐकू आली. मी दचकून उठले आणि आईच्या अंथरुणाकडे बघितलं. आई तिथेच होती. गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले, पण जागी.

"कोणतरी झाडतंय," ती हळूच म्हणाली. "आणि ती मी नाय."