आत्याच्या पाठीवरचे धपाटे

भिवपुरीजवळच्या आमच्या गावातली माणसं कष्टाळू आहेत, देवभोळी आहेत, आणि वनिताच्या बाबतीत शुद्ध दुष्ट आहेत. मी हे तोंडावर सांगते, म्हणून मला इथं फारसं कोणी चहाला बोलावत नाही.

वनिता रोपवाटिकेत कामाला जाते. अचानक आवाज झाला की तिचं अंग ताठ होतं आणि हात न टेकता ती उभीच्या उभी आडवी होते. शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं, फक्त हलता येत नाही. जन्मापासून हे असंच, आणि गावाला तेवढीच फुकटची करमणूक. मागून हॉर्न दाबायचा, कागदी पिशवी फोडायची, ती पडली की दात काढायचे. एकदा गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी हसणारे हसतच होते. कोणी म्हणे नाटकं, कोणी म्हणे बाहेरचं. गंडेदोरे झाले, कोंबडी झाली. डॉक्टर तेवढा राहिला होता.

शेवटी मीच तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आपण दचकलो की मेंदूतल्या आणि मणक्यातल्या पेशी एकमेकींना 'बस, थांब' असा रासायनिक निरोप धाडतात. तो घेणारे ग्राही समोरच्या पेशीवर, निरोप पोचतो नेमक्या त्याच जागी, धरून ठेवलेले असावे लागतात. धरून ठेवण्याचं काम पेशीच्या आतलं एक वेगळं प्रथिन करतं. वनिताचे ग्राही त्या प्रथिनाला नीट अडकतच नाहीत, इकडेतिकडे सरकतात. निरोप निघतो, पण घेणारा जागेवर नसतो.

"म्हंजे आवणातलं भाताचं रोप," वनिता म्हणाली. "गाळात घट्ट रोवलं नाय, का तरंगत बांधाला लागतं."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या आणि रोजची गोळी लिहून दिली. पडणं कमी झालं, थांबलं नाही. गावात मी हे सगळं घरोघरी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

मग तिच्या भावाला, दशरथला, मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्या वेळी बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. वनिता एकुलती एक आत्या. बाळ जन्मल्यापासून ती त्याच आनंदात होती. पण ऐन बारशात तिची चुलती गोदूबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू बाजूला बस गं. पोर पाडशील. नाव मी सांगते."

माझं डोकं फिरलं. पण वनिताच बोलली, "पोर पाळण्यातच राऊ दे, काकी. मी वाकून सांगते. फकस्त मला सांगून मारा. सांगितलं, का मी पडत नाय."

"सांगून मारल्यावर मजा काय गं?" गोदूबाई हसली. तरी मागं सरली.

वनिता पाळण्यावर वाकली. 'कुर्रर्र' म्हणाली, आणि नाव ओठांवर यायच्या आत गोदूबाईनं तिच्या कानामागं पितळी ताट बडवलं.

वनिता ताठ झाली आणि कोसळली. कपाळ फरशीवर आपटलं. आणि बायका हसल्या. हो, हसल्या! सोमवार-शनिवार उपास करणाऱ्या बायका! मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वनिता उघड्या डोळ्यांनी पडून सगळं ऐकत होती.

हलता आलं तशी ती उठली, पदरानं रक्त पुसलं आणि दाराकडे निघाली.

तेव्हा बाळाची आई, प्राची, बोलली. सासरच्यांपुढे कधी आवाज न चढवलेली सून. "ताई, थांबा," म्हणत तिनं वनिताला भिंतीशी बसवलं, पाळण्यातली लेक उचलली आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवली.

"आता वाजवा," ती म्हणाली. "कोणाला वाजवायचंय?"

गोदूबाईनं ताट दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. आयांनी आपापल्या पोरांची तोंडं दाबली. कोणी खोकलंसुद्धा नाही. वनितानं सावकाश वाकून 'ऋतिका' म्हटलं, आणि कानात सांगितलेलं ते नाव घरभर ऐकू गेलं.

म्हणजे गप्प बसता येत होतं यांना! इतकी वर्षं येत होतं!