अबादानला केलेली तार

खराबवाडीच्या अर्जुनराव कडांना पलटण सोडून तीस वर्षं झाली होती, तरी गडी अजून पहाटे चारला उठे, मिशांना पीळ भरी आणि बैलांनासुद्धा हुकूम सोडी. गावात त्यांची थट्टा व्हायची, पण तोंडावर करायची कुणाची छाती नव्हती. चौदा सालच्या लढाईत ते बसऱ्याकडे गेले होते, जेमतेम एकोणिसाव्या वर्षी. नदीच्या तोंडाशी उतरून, चिखल तुडवत, तुर्कांशी लढत पुढं गेले. नंतर दोन महिने जवळच इराणातल्या अबादानला तेलाच्या टाक्यांवर पहारा दिला. त्या वासानं जेवण जात नसे, असं ते सांगत. चाकणच्या आसपासचे चौघे तिथंच मातीला लागले. इंग्रज बादशहासाठी लढलो याचा अर्जुनरावांना भारी अभिमान होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा सयाजी खडकीला फिटरचं काम शिकला आणि अठ्ठेचाळीस साली तीन वर्षांच्या करारावर इंग्रजांच्या तेल कंपनीत लागला. कुठं, तर त्याच अबादानला. आई सगुणाबाई आठ दिवस रडल्या. अर्जुनराव मात्र खूश. साहेबाच्या जवळ राहणाऱ्याला कसली भीती नसते, असं त्यांनी पोराला आगगाडी सुटेपर्यंत बजावलं.

एकावन्न सालच्या वसंतात इराणच्या सरकारनं जाहीर केलं की तेल आमच्या जमिनीतलं आहे, आता ते आमचंच. पाठोपाठ सयाजीचं पत्र आलं. संप झालाय, बाजारात गोळीबार झाला, माणसं मेली, हिंदुस्थानी कारकून बायकामुलांना परत धाडतायत. मीही निघू का, असं त्यानं विचारलं होतं. अर्जुनरावांनी पलटणीत शिकलेल्या अक्षरात उत्तर लिहिलं: हुकमाशिवाय पहारा सोडू नये. आता काय म्हणावं या माणसाला? पोरगं पाइपाचे जोड आवळत होतं, त्याला कसला आलाय पहारा? पण पत्र पेटीत टाकून ते ताठ मानेनं घरी आले आणि महिनाभर तसेच ताठ राहिले.

चाकणला बबनरावांची पिठाची गिरणी होती. ते पुण्याचं वर्तमानपत्र घेत आणि दळण टाकलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. जूनच्या अखेरीस अर्जुनराव दळण घेऊन गेले तेव्हा बबनराव वाचत होते, की इंग्रजांची लढाऊ बोट अबादानजवळ नदीत येऊन उभी आहे आणि वेळ पडली तर तेलाच्या रक्षणासाठी फौज उतरेल. अर्जुनरावांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. बबनराव वैतागले.

दळण तिथंच विसरून अर्जुनराव रस्त्याला लागले. त्यांच्या डोक्यात जुनी गोष्ट घोळू लागली होती. मुंबईहून त्यांची बोट निघाली तेव्हा तुर्क अजून लढाईत उतरलाच नव्हता. बहारीनपाशी त्यांना कितीतरी दिवस बोटीवरच बसवून ठेवलं होतं, आणि तुर्काशी लढाई पुकारल्याची बातमी त्यानंतर आली. मग निघालो होतो कुणाशी लढायला? इतकी वर्षं हजारदा ही गोष्ट सांगितली, पण हा प्रश्न त्यांना कधी सुचला नव्हता. वैरी ठरायच्या आधी टाक्या ठरल्या होत्या. ते चौघे त्या टाक्यांपायी गेले होते. आणि आता बोट पुन्हा त्याच नदीत आली होती आणि पोराला त्यांनी स्वतःच्या हातानं तिथं खिळवून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांच्या चाकणला खेपा सुरू झाल्या. सकाळी चाकणच्या पोस्टात, दुपारी गिरणीत, संध्याकाळी परत पोस्टात. पत्र नाही. नवं पत्र लिहावं तर पोचायला पंधरा-वीस दिवस, आणि तेवढ्यात तिथं तोफा सुटल्या तर? सयाजीचा करार संपायला चार महिने होते. आईबाप मरणाला टेकल्याशिवाय कंपनी रजा देत नाही, हे त्यानंच एकदा कळवलं होतं. शेवटी अर्जुनरावांनी सगुणाबाईंजवळ सगळं ओकून टाकलं. ‘पहारा सोडू नको’ हे आपणच लिहिलं होतं, तेही सांगितलं. इतके दिवस ते त्यांनी बायकोपासून लपवलं होतं.

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझं नाव लिवा. आई मरायला टेकलीया म्हणून तार करा.”

पलटणीत खोट्या तारा मागवून रजा घेणाऱ्यांना अर्जुनरावांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं एसटीत बसून तळेगावच्या तार कचेरीत गेले. सगुणाबाईही सोबत गेल्या, कारण नवरा ऐनवेळी कच खाईल याची त्यांना खात्री होती. तारमास्तरांनी ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ’ असं इंग्रजीतून लिहून घेतलं आणि हळहळून विचारलं, कधीपासून आजारी आहेत? अर्जुनरावांची मान खाली. मरायला टेकलेली बाई बाहेर पायरीवर बसून शेंगा खात होती.

पुढचे दिवस आणखी वाईट गेले. तार पोचली का? रजा मिळाली का? रोजच्या पेपरात बोट तिथंच उभी होती. तेविसाव्या दिवशी मुंबईहून सयाजीची तार आली, की उद्या सकाळच्या गाडीनं तळेगावला येतो. अर्जुनराव तीन तास आधीच स्टेशनावर जाऊन बसले.

गाडी आली. त्यांची नजर पोराच्या, आपल्यासारख्याच झुपकेदार मिशा शोधत होती. माणसं उतरली, पांगली. मुंडण केलेला, मिशा उतरवलेला एक माणूस ट्रंक घेऊन समोर उभा राहिला तरी त्यांनी ओळखलं नाही.

“दादा, आईला शेवटचं पानी कुनी पाजलं?” त्यानं विचारलं.

मग अर्जुनरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. तारेत ‘मेली’ असं आपल्याकडं कुणी लिहीत नाही. ‘अत्यवस्थ’ आलं की माणसं समजायचं ते समजतात. खुद्द अर्जुनरावही तसंच समजले असते, पण लबाडी करायच्या घाईत त्यांना ते आठवलं नाही. पोरानं तार मिळताच केस उतरवले होते, बोटीवर सुतक पाळलं होतं आणि मुंबईला उतरल्यावर बाणगंगेवर पुन्हा मुंडण करून जित्या आईला पिंड दिला होता.

त्यांनी खरं सांगितलं. सयाजी संतापला, ट्रंक आपटून म्हणाला, की एवढ्यासाठी मला आईवेगळं केलंत? लोक बघायला लागले. अर्जुनराव पोरासमोर कधी रडले नव्हते, ते रडले.

“त्या टाक्या राखायला चौघं पुरून आलोय मी,” ते म्हणाले. “पाचवा तू नगं व्हतास मला.”

एसटीतून उतरल्यावर ट्रंक अर्जुनरावांनीच उचलली. सगुणाबाई दारातच होत्या. पोराचं बोडकं डोकं दिसलं आणि त्यांचा हात कुंकवाकडं गेला. मागून अर्जुनराव येताना दिसले तेव्हा कुठं तो हात खाली आला. शेजारच्या शालनबाई धावत आल्या, काय झालं ते कळल्यावर गालावर हात मारून घेऊ लागल्या. जित्या बाईचा पिंड म्हणजे घोर अपशकुन, शांती केल्याशिवाय पोराला आत घेऊ नका, असं त्या परत परत सांगत राहिल्या.

सगुणाबाईंनी पोराला खाली बसवलं आणि त्याच्या टाळूवरून हात फिरवला. नुकते कुठं खुंट येत होते.

“माझं केलंस, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तुजं आमाला करावं लागलं न्हाई.”