खिडकीतलं इन्सुलिन

माझं काम प्रथिनांच्या आकाराचं. हेब्बाळजवळच्या प्रयोगशाळेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून एकेक प्रथिन कसं दुमडलंय ते बघायची. नव्या मुलांना सांगायची, "अरे, ही नुसती माळ. ठरल्या घडीत दुमडली तरच काम करते. घडी मोडली की मणी तेच, पण उपयोग शून्य."

आणि त्याच शहरात, राजाजीनगरला सासरी माझी सख्खी बहीण, माझी अक्का, तसलीच घडी मोडलेली प्रथिनं रोज टोचून घेत होती. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

अक्काला लहानपणापासून मधुमेह. दोन वेळा इन्सुलिन, तेही एक प्रथिनच. तेव्हा नव्वदच्या दशकात आमच्याकडे मिळायचं ते बहुतेक जनावरांपासून काढलेलं. हे तिच्या सासूबाईंना कुणीतरी सांगितलं, झालं! त्यांचं सोवळं कडक आणि फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध. "औषध घे बाई, त्याला माझी ना नाही. पण फ्रिजात नको." बाटल्या स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत गेल्या. खाली गॅसची शेगडी, बाहेर एप्रिलचं ऊन.

तिचं इन्सुलिन मुळातच दुधाळ, बिघडलेलं ओळखू येणार कसं? सुई एकदाही चुकली नाही. सासूबाई स्वतः आठवण करायच्या, जेवणाचं पान त्यानंतरच वाढायच्या. तरी अक्का वाळत चालली. मी विचारलं की म्हणायची, "स्वल्प दमलेय गं. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

एका सकाळी भावजींचा फोन आला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती, साखर भलतीच वाढलेली. ती शुद्धीवर आलीच नाही.

सुतकात त्यांच्याकडे गेले होते. पाणी घ्यायला आत गेले आणि खिडकीत बाटल्या दिसल्या. हात लावला तर चांगल्या तापलेल्या. अक्काच्या सासूबाई मागेच उभ्या होत्या.

"मावशी, या इथं कुणी ठेवल्या?"

त्यांनी सरळ सगळं सांगितलं. मीही सांगितलं. उष्णतेनं आतली घडी मोडते, मग इन्सुलिन नावालाच उरतं, हे सगळं. त्यांनी एक बाटली उचलून हातात धरली.

"मला काय कळतंय गं यातलं! पण तिला तरी ठाऊक असायला हवं होतं."

"ठाऊक होतं. थंड जागी ठेवा म्हणून डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं तिला. घरात वाद नको म्हणून गप्प बसली असणार."

त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "एकदा सांगायचं होतं तिनं मला. मी 'नाही' म्हटलं असतं का गं?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. "'नाही'च म्हटलं असतं, मावशी."

त्यांनी मान हलवली. "हो," म्हणाल्या, "म्हटलं असतं."