रिकाम्या हातांनी गेलेला

"चोर ऱ्हाता ते बरं व्हतं, योगराज भाऊ. चोरले भूक तरी ऱ्हास. हाऊ उना, कापी गया, अन घर काय लई गया? काहीच नही."

बांधावर उकिडवी बसून लताबाई बोलत होती. समोर तिची केळीची बाग आडवी पडली होती. परवा रात्री कुणीतरी कोयता घेऊन आत शिरलं आणि घड लागलेली झाडं कमरेतून कापत गेलं. घड अजून हिरवेच, कापणीला महिनाभर तरी अवकाश होता. एकही उचलला नव्हता. खोडांतून पाणी पाझरत होतं, चपला चिखलात रुतत होत्या.

योगराज तिचा चुलत दीर, शेजारचं वावर त्याचं. मोटरसायकल बांधाशी लावून तो बोटात चावी फिरवत उभा होता.

"वहिनी, हवालदारनी सांगेल शे, कोनावर संशय व्हई ते नाव द्या. भिकननं नाव द्या अन मोकया व्हा. बठ्ठा गावनं तेच म्हननं शे."

"गावनी देखं का त्याले?"

"देखानं काय त्यामा? गावमा वाईट माणूस दुसरा कोन शे?"

"एकच शे? मंग गाव भलतंच चांगलं शे आपलं."

योगराजला हसू आलं, ते त्याने गिळलं. "दुपारनंतर येस मी गाडी लईसन. तयार ऱ्हा," म्हणाला आणि गेला.

लताबाई माहेरची धरणगावकडची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन चोपडा-शिरपूरच्या मधल्या या तापीकाठच्या गावात आली, तेव्हा एखादं पीक बारा महिने पाणी मागतं याचंच तिला नवल वाटलं होतं. पोरगी रूपाली रांगत होती तेव्हा नवरा गिरधर गेला. मग वावर अंगावर पडलं, ते पडलंच. मोटर तिने शिकून घेतली, व्यापाऱ्याशी भांडणं शिकून घेतलं. रूपाली धुळ्याला दिली. ती फोनवर म्हणायची, आई, विकून टाक, इकडे ये. लताबाई म्हणायची, येसू येसू, आणि मोटर चालू करायला जायची.

चोर तिला नवे नव्हते. मोटरची केबल गेली होती, ठिबकच्या नळ्या गेल्या होत्या, घड तर दर हंगामात जायचे. सासऱ्याने तिला सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. वावरात बसून खाल्लं त्याला चोरी म्हणायची नाही. घरी नेलं तर शिव्या द्यायच्या. बाजारात विकलं तरच पोलिसांकडे जायचं. भिकनला तर तिने तिन्ही करताना पाहिलं होतं. शिव्याही दिल्या होत्या, एकदा तक्रारही दिली होती. पण परवाची रात्र या तिन्हींत कुठेच बसत नव्हती, आणि तेच तिला छळत होतं. ज्याने कापलं त्याने खाल्लं नाही, नेलं नाही, विकलं नाही. मग हे काय म्हणायचं?

पेपरात आलं होतं, 'अज्ञात माथेफिरूचे कृत्य'. पण रस्त्याच्या बाजूच्या दोन ओळी त्याने तशाच उभ्या ठेवल्या होत्या, जाणाऱ्या-येणाऱ्याला आतलं दिसू नये म्हणून. डोकं फिरलेला माणूस एवढं जपून कापत नाही.

दोन दिवस मयतीला यावी तशी माणसं येत होती. पोरं आडव्या झाडांमध्ये उभी राहून व्हिडिओ काढून गेली. बाया पदर तोंडाला लावून हळहळल्या. धुरपदाबाई गावातली सगळ्यांत जुनी. तिने सगळं वावर डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि निकाल दिला, "लता, हाई बाहेरनं शे वं. माणूसनं काम नही. लिंबू उतारी टाक."

"बाहेरनाले कोयता कसाले लागस, धुरपदामाय?"

"तुले बठ्ठी मस्करीच सुचस," म्हणून म्हातारी उठली.

मस्करी नव्हती ती. बाहेरचं असतं तर लताबाईला बरंच वाटलं असतं. बाहेरचं म्हणजे नारळ फोडायचा, लिंबू टाकायचं, सुटायचं. म्हणून तर माणसांनी ते शोधून काढलं असणार.

दुपार कलली, तोच भिकन आला. रस्त्याने नाही, नाल्यातून. एक पाय ओढत. मागच्या साली देवळातली घंटा दिसेना म्हणून गावाने याचीच नडगी फोडली होती. घंटा चार दिवसांनी परत आली. तिला तडा गेला म्हणून पुजाऱ्यानेच शिरपूरला जोडायला दिली होती, सांगायचं राहून गेलं. घंटा जोडली गेली, नडगी तिरपीच राहिली. पुजारी चांगला माणूस, कुणी त्याला काही बोललं नाही.

भिकन लांबच बसला. "अक्का, मनं नाव दिन्हं का?"

"नही आजून."

"देशी ते आतेच सांगी दे. पयनं व्हई ते आतेच निंघस मी. हाऊ पाय घाई करत नही."

"तू कापं का?"

तो चिडला नाही. हे विचारलं जाण्याची त्याला ऊन-वाऱ्यासारखी सवय होती. शेजारचा एक घड त्याने पायाने उलटवून पाहिला. "इतला माल पडेल शे, अक्का. मनं काम ऱ्हातं ते हाऊ आठे पडता का? मनी बायको माले घरमा घेती का?"

लताबाईच्या नाकातून हसू निघालं. "मंग कोनी कापं?"

"माले काय ठाऊक? पन उपाशी माणूसनं काम नही हाई. उपाशी माणूसले घड दिसस. याले तू दिसनी."

दोन दिवस आपण काय करत होतो हे लताबाईला आता कळलं. येणाऱ्या प्रत्येकाचे हात ती पाहत होती. केळीच्या चिकाचे डाग धुतल्याने जात नाहीत. पण या गावात ते कुणाच्या हातावर नाहीत? चहाचा कप घेताना, खांद्यावर हात ठेवताना, डोळे पुसताना सगळे हात काळपट. झाडं एका रात्रीत कापून झाली होती. हे बघणं मात्र थांबत नव्हतं. भिकनचं नाव दिलं की थांबलं असतं. गावालाही तेच हवं होतं, तिच्यासाठी थोडं आणि स्वतःसाठी जास्त.

मोटरसायकलचा आवाज आला तसा भिकन खोडांच्या आडून नाल्यात उतरला.

"चला वहिनी," योगराज म्हणाला.

"मी नही येत. फोन करीसन सांग हवालदारले, अज्ञातच ऱ्हाऊ दे."

"म्हंजे काय?" योगराजचा आवाज चढला. "भिकन नही म्हंजे आमनामाईनच कोनीतरी, असं म्हननं शे का तुमनं?"

"हां."

"मनावरबी संशय शे?"

"दोन दिनपाईन बठ्ठासना हात देखी ऱ्हायनू मी, योगराज भाऊ. तुनाबी देखात."

योगराजने नकळत हात मागे घेतले. मग ते आपणच घेतले हे लक्षात येऊन तो जास्तच भडकला. "एक चोरनासाठे घरना माणूससले तोडशात? गाव वाळीत टाकी तुमले!"

"टाकू दे. भिकननं नाव दिन्हं ते आज रातले बठ्ठासले झोप लागी. ज्यानी कापं त्यालेबी लागी. त्याले ती मी कसाले देऊ?"

"अन तुमले लागी का झोप?"

"माले कशी लागी? या हप्ताले लाइट रातनी शे."

योगराजने गाडीला जोरात किक मारली, ती पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली. जाताना तो काहीतरी बोलला, ते इंजिनात विरलं. उद्यापासून तो बोलणार नाही, त्याची बायको पाण्याच्या पाळीवरून खुसपट काढणार, हे लताबाईला दिसत होतं. रूपालीचा फोन वाजत होता. तिने तो उचलला नाही. काय सांगणार?

पडलेल्या खोडांखाली ठिबकच्या नळ्या दबल्या होत्या. त्या मोकळ्या केल्याशिवाय रात्री लाइट येऊन मोटर चालली तरी रस्त्याकडच्या दोन ओळींना पाणी पोचणार नव्हतं. तिने पदर कमरेला खोचला, कोयता घेतला आणि पहिलं खोड तोडून बांधाकडे ओढायला लागली.