पैठणला दातओठ खाल्ले त्याची गोष्ट

मी झोपेत दात खातो, हे लग्नानंतर सव्वीस वर्षांनी उघडकीला आलं. तोवर आमच्या पुंडलिकनगरच्या घरात त्याचं खापर उंदरांवर फुटत होतं. कपाटामागं पिंजरा लावला, त्यात भजं ठेवलं. उंदीर काही सापडला नाही. (भजं सकाळी मीच खायचो.)

शेवटी एका रविवारी बायकोनं, सुनंदानं, मला दुपारच्या झोपेतून हलवून उठवलं. "अहो, उंदीर पिंजऱ्यात येईल कसा? तो तुमच्या तोंडात हाय."

आईचं निदान तयारच होतं. "जंत झालेत त्याला. ल्हानपणापासून गोड लई खातो." पन्नाशी उलटल्यावर मी जंताचं औषध घेतलं. पोट साफ झालं, आवाज तसाच.

मग क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी तोंडात उजेड पाडून पाहिलं. "दाढा पार झिजल्यात. कसला ताण आहे का?"

"छे," मी म्हणालो.

"मुलीचं लग्न जमवायचंय," सुनंदा म्हणाली.

"मग दिवसाही लक्ष ठेवा. ओठ मिटलेले असू द्या, पण दातावर दात नको. संध्याकाळनंतर चहा बंद." झोपताना दातांवर बसवायच्या टोपीचं त्यांनी माप घेतलं. टोपी आठ दिवसांनी मिळणार होती.

आणि चौथ्याच दिवशी आम्हाला पैठणला जायचं होतं. आमच्या वर्षाला तिथलं स्थळ आलं होतं. मुलगा वाळूजला नोकरीला, तिला मनापासून पसंत. अडचण त्याच्या वडिलांची, भाऊरावांची. पैठणला त्यांच्या घरी जेवताना ते म्हणाले, "लग्नानंतर पोरीनं नोकरी सोडावी. आमच्यात सुना बाहेर जात नाईत."

वर्षा शाळेत गणित शिकवते. तिचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. बापानं बोलायची हीच वेळ होती. मी आणखी एक पुरणपोळी मागितली.

वर्षा आत बायकांत गेली. मी "जरा पाठ टेकतो" म्हणून बैठकीतल्या खाटेवर आडवा झालो. पुढचं सुनंदाकडून कळलं.

पाच मिनिटांत करकर सुरू झाली. भाऊरावांनी आधी पंखा बंद करून पाहिला. मग ते खाटेपाशी आले. माझ्या कानशिलाच्या शिरा टरारल्या होत्या.

"ताई, पाव्हणे दातओठ खायलेत की."

सुनंदानं आवाज उतरवला. "व्हय. नोकरीचं लई लागलंय त्यांच्या मनाला. तोंडानं बोलत नाईत ते."

"झोपेतबी एवढा राग?"

"जागेपणी आवरून धरतात."

मी उठलो तर चहाचा कप खुद्द भाऊरावांनी दिला, दोन पावलं लांब उभं राहून. "पाव्हणे, आमचं चुकलंच. पोरीनं खुशाल नोकरी करावी."

मला काही उमजेना. मी नुसता "हूं" म्हणालो. त्यावर ते लग्न आमच्या गावी करायलाही कबूल झाले.

परतीच्या एसटीत वर्षानं माझा हात धरला. "बाबा, मला वाटलं तुम्ही गप्पच बसाल. काय बोललात त्यांना?"

सुनंदा खिडकीबाहेर बघत होती.

"सुनावले दोन शब्द," मी म्हणालो.

यथावकाश लग्न झालं, वर्षा सुखात आहे, आणि तिच्या सासरी माझा मोठा दरारा आहे. तिकडं निघालो की सुनंदा फक्त एवढंच बजावते, "गेल्या गेल्या झोपून घ्या. जागं राहून इज्जत घालवू नका."