शर्टांच्या पिशव्या

शेजारच्या शिंपीणकाकूंना लेक फोनवर म्हणाली, "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आई. आता तरी कपाट मोकळं कर." काकूंनी काकांच्या शर्टांच्या पिशव्या शिवल्या, खिसे तसेच ठेवून. पिशवी विसरलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्या कोपऱ्यावरच्या वाण्याला दिल्या.

मी कौतुक करायला गेलो, तर काकू खिडकीत बसलेल्या.

"ये रे, पुस्तकी किड्या. चौकडीचा आत्ताच गेला, कांदे घेऊन. निळा मात्र चार दिवसांत दिसला नाही बघ."

मीही खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रिकाम्या हाताने दुकानात गेलो. निळी पिशवी मागून घेतली आणि त्यांच्या खिडकीखालून सावकाश चालत गेलो. वर पाहायचा धीर झाला नाही.