तलवारीला दम लागतो

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे आमची सोसायटी. तिच्या ऑफिसात रविवारी दुपारी आम्ही फाशांचा खेळ खेळतो. सेक्रेटरी गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो. आम्ही तिघं एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतो. सेक्रेटरीचा मेहुणा आणि तिसऱ्या मजल्यावरचे सीए दोघंही जादूगार, म्हणजे लांब उभं राहून आग फेकणारे. पुढे जाऊन वार करायला आणि झेलायला मी एकटी. माझी तलवारवाली मी दोन वर्षं जीव लावून जपली होती. आठवड्यातून तेवढ्या एकाच दुपारी मला कुणाचा डबा भरायचा नसतो.

खेळाचे छापील नियम चांगले होते. पण जिन्यातला बल्ब बदलायलाही ज्याला ठराव लागतो, तो छापील नियमांवर कसला थांबतोय! "वहिनी, तुमची बाई जाम मारते. बॅलन्स करायला लागेल," सेक्रेटरी म्हणाला. मग रीतसर सभा. सेक्रेटरी अध्यक्ष, मत फक्त खेळणाऱ्या तिघांना. सूचक मेहुणा, अनुमोदक सीए. ठराव असा, की तलवारीचा एक वार केला की पुढच्या पाळीत दम खायचा. हात उचलायचा नाही, फार तर चालायचं.

"आणि आग फेकून दम लागत नाही?"

"जादू आहे ना ती," मेहुणा म्हणाला. हा माणूस पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठडा धरतो, आणि मला दम शिकवत होता! फासे यांचे पडत नाहीत, खोट माझ्या तलवारीत. नाचता येईना, अंगण वाकडं. दोन विरुद्ध एक, मंजूर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच रविवारी गुहेत राक्षस आडवा आला. मी वार केला. तो लडखडला, पण पडला नाही. जादूगारांची आग नेहमीप्रमाणे भलतीकडे गेली. पुन्हा माझी पाळी.

"वहिनी, तुम्ही दम खा," सीए म्हणाले, "फक्त तिथेच उभ्या राहा. आम्हाला आडोसा पाहिजे."

आडोसा! दोन वर्षं मी यांची भिंत होते तर.

"ठरावात चालायला परवानगी आहे," मी म्हटलं. माझी बाई दोघांच्या मधून चालत गुहेबाहेर गेली. राक्षसाने आधी सीए खाल्ले, मग मेहुणा.

सेक्रेटरी लालबुंद झाला. लगेच नवा ठराव: तलवारवाल्याने जागा सोडायची नाही, आणि तोही मागल्या पाळीपासून लागू. दोघांचे हात टेबलावरून तत्परतेने वर गेले.

"हात खाली," मी म्हटलं. "मेलेल्यांना मत नसतं. विरोधात एक. नामंजूर."